नखे कोण कापते?

ज्येष्ठांच्या पायांची तपासणी करताना आम्ही जे कार्ड भरतो, त्यावर नाव, वय, मधुमेह किती वर्षांपासून आहे, पायाला पूर्वी कधी जखम झाली होती का, असे नेहमीचे प्रश्न आहेत. त्या सर्वांच्या खाली आम्ही स्वतः घातलेला एक प्रश्न आहे : ‘तुमच्या पायांची नखे कोण कापते?’ परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी अशा शिबिरांत नियमित काम करते आहे. समोरच्या व्यक्तीच्या पायांचे पुढे काय होणार, याचा अंदाज मला रक्तातील साखरेच्या आकड्यापेक्षा कधी कधी या एका उत्तरावरून अधिक नेमका बांधता आला आहे.

हा प्रश्न कार्डावर आला तो एका आजींमुळे. ७८ वर्षांच्या या आजी गुडघा दाखवायला म्हणून आल्या होत्या आणि मोजे काढायची त्यांची मुळीच तयारी नव्हती. ‘पायांना काही झालेलं नाही हो, तुम्ही गुडघ्याचं तेवढं बघा,’ असे त्या तीनदा म्हणाल्या. शेवटी मी खाली बसून त्यांचा डावा मोजा हळूच उतरवला, आणि उजव्या मोज्याला हात लावताच त्यांनी माझे मनगट धरले. मोजा बोटांशी चिकटलेला होता. सलाइनने भिजवून तो मोकळा केला, तेव्हा दिसले की अंगठ्याचे नख जाड, पिवळट आणि मेंढ्याच्या शिंगासारखे वळलेले होते आणि त्याचे टोक शेजारच्या बोटात रुतून तिथे ओली जखम झाली होती. पायाचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते, म्हणजे ते तिथवर पोहोचायला दीड-दोन वर्षे सहज लागली असणार. खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून आजींचा हात पायापर्यंत पोहोचत नव्हता. घर माणसांनी भरलेले होते, पण ‘सुनेला नखं काप म्हणून कसं सांगायचं, आणि मुलाला तर नाहीच नाही,’ असे त्यांचे म्हणणे होते. कुणाला दिसू नये म्हणून त्या रात्रीसुद्धा मोजे घालून झोपत होत्या.

त्या दिवशी घरी जाताना माझ्या मनात राहिली ती जखमेपेक्षा ही दोन वर्षे. त्या काळात आजींचा रक्तदाब अनेकदा मोजला गेला होता, डोळे तपासून झाले होते, खुब्याची फेरतपासणीही झाली होती, आणि या प्रत्येक वेळी त्यांचे पाय मोज्यांत झाकलेले राहिले होते. बूट-मोजे काढायला आणि पुन्हा घालायला वयस्कर माणसाला पाच-सात मिनिटे लागतात, बाहेर रांग असते, आणि माणूस स्वतःहून पायाची तक्रार करत नाही. तक्रार न करण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते : ‘वय झालं की पाय दुखायचेच.’ मध्यमवयीन आणि वृद्ध व्यक्तींपैकी साधारण चारांतील एकाला वारंवार पायदुखी असते, असे लोकसमूहांच्या अभ्यासांतून दिसले आहे. इतक्या सर्वांना होणारी गोष्ट नैसर्गिकच असली पाहिजे, असा समज त्यातून पक्का होतो आणि उपचार करता येण्याजोगे दुखणेही वयाच्या खात्यावर टाकले जाते.

वयाचा वाटा त्यात असतोच, पण तो नेमका कुठे असतो, हे एकदा नीट समजून घेतले म्हणजे कुठे हात घालता येईल तेही कळते. प्रत्येक पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात आणि टाचेखाली व चवड्याखाली चरबीची एक गादी असते. वयानुसार ही गादी पातळ होते, त्यामुळे पूर्वी ज्या फरशीवर अनवाणी चालताना काही वाटत नसे, त्याच फरशीवर हाडे टोचू लागतात. हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल पडतात, कमान थोडी खचते आणि पाऊल लांबीला व रुंदीला वाढते. तरीही वीस वर्षांपूर्वी ज्या मापाचा बूट बसत असे, तेच माप आपण आजही दुकानात सांगतो. घाम आणि त्वचेतील तेल कमी झाल्याने कातडी कोरडी पडते व टाचांना भेगा जातात. नखे जाड होतात, त्यांना बुरशी लागण्याचे प्रमाण वाढते. जिथे हाड आणि बूट यांच्यामध्ये कातडी रोज चेपली जाते, तिथे आधी घट्टा पडतो, मग कुरूप होते, आणि दाब तसाच राहिला तर त्या घट्ट्याच्या आत, वरून न दिसणारी जखम तयार होते.

हे सारे दुखत असते तोवर एका अर्थी बरे असते, कारण दुखणारा पाय माणूस उचलून धरतो, लंगडतो, चप्पल बदलतो. खरी भीती न दुखणाऱ्या पायाची आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या नसा टोकाकडून हळूहळू निकामी होत जातात. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, पुढे ही आगही थांबते आणि माणसाला वाटते की आपल्याला आराम पडला. मधुमेह हे याचे सर्वांत मोठे कारण असले तरी एकमेव नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मूत्रपिंडाचे जुने आजार, दीर्घकाळचे मद्यपान, कर्करोगावरची काही औषधे यांनीही नसा बधिर होतात, आणि मधुमेहात सर्रास दिले जाणारे मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने ब-१२ कमी होऊ शकते. म्हणूनच ‘मला साखर नाही, मग माझे पाय कशाला बघता?’ असे कुणी म्हटले, तरी आम्ही पाय बघतोच.

बधिर पायाचे गणित प्रथम नीट मांडले ते कुष्ठरोगावर काम करणाऱ्यांनी. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले, तेव्हा कुष्ठरुग्णांची बोटे आणि तळवे रोगामुळेच सडून झडतात, असाच सर्वत्र समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले की रोग संवेदना नेतो, आणि त्यानंतरची बहुतेक हानी रोजच्या चालण्यातून, एकाच जागी पुन्हा पुन्हा पडणाऱ्या दाबातून, खडा, चटका किंवा खिळा न जाणवल्यामुळे होते. पुढे १९६६ पासून अमेरिकेतील कारव्हिल येथे काम करताना त्यांनी हीच दृष्टी मधुमेहींच्या पायांकडेही वळवली. मला या इतिहासाचे अप्रूप वाटते ते एवढ्यासाठी की, जखमेचे कारण बाहेरचा दाब असेल, तर ती टाळणे माणसाच्या हातात येते. वेदना जे काम करत होती, ते काम आता डोळ्यांनी आणि हातांनी करायचे, आणि रोज करायचे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

पण ‘रोज पाय बघा’ हे वाक्य लोकांपर्यंत पोहोचवायचे कसे, याबाबत मी सुरुवातीला पुष्कळ चुकीचे काम पाहिले आणि त्यात सामीलही झाले. मी ज्या पहिल्या शिबिरात गेले, तिथे सभागृहात ऐंशी-नव्वद ज्येष्ठ मंडळी बसवलेली होती. पाऊण तास भाषण झाले, पडद्यावर काळ्या पडलेल्या बोटांची आणि कापलेल्या पायांची छायाचित्रे दाखवण्यात आली, माहितीपत्रके वाटली गेली आणि चहा झाला. त्या संपूर्ण कार्यक्रमात एकाही माणसाने पायातली चप्पल काढली नाही. दाराशी एका काकांना मी विचारले, ‘काय लक्षात राहिलं?’ तर ते म्हणाले, ‘ताई, फार भीती वाटली.’ भीती घेऊन गेलेला माणूस घरी जाऊन तळवा उलटा करून बघत नाही. तो मोजा अधिकच घट्ट ओढून घेतो, हे मला त्या आजींनी पुढे शिकवलेच.

आता आम्ही भाषण ठेवत नाही. जे सांगायचे ते पाय हातात असतानाच सांगायचे, त्याच पायाविषयी सांगायचे, आणि शक्य असेल तर घरचे माणूस शेजारच्या स्टुलावर बसवून सांगायचे, असे आम्ही ठरवले आहे. यामुळे तीन तासांत नव्वद जण होत नाहीत. चार जणांचा गट असेल तर जेमतेम तीस-पस्तीस होतात. आकडा लहान दिसतो म्हणून काही आयोजक नाराज होतात, त्यांची अडचणही मला कळते, पण नव्वद पाय मोज्यांत ठेवून परत पाठवण्यात मला आता मुळीच समाधान वाटत नाही.

सामान अगदी थोडे लागते. पाठ टेकता येईल अशी हात असलेली खुर्ची, समोर पाय ठेवायला उशी घातलेले स्टूल, मान वळवता येणारा दिवा, हातमोजे, कापूस, सलाइन, कोरे कागद, पेन्सिल आणि संवेदना तपासण्याचा नायलॉनचा धागा. आम्ही प्रथम माणसाला स्वतः बूट-मोजे काढू देतो आणि तेवढा वेळ काही न बोलता बघत राहतो. कोण वाकू शकतो, कोणाचा हात घोट्यापाशीच थांबतो, कोण चाचपडत गाठ सोडतो म्हणजे त्याला नीट दिसत नाही, कोण एका हाताने खुर्ची धरून ठेवतो म्हणजे त्याचा तोल जातो, हे सारे तिथेच समजते. मोज्याच्या आतली बाजूही आम्ही बघतो, कारण पायावरची जखम नजरेतून निसटली तरी मोज्यावरचा डाग निसटत नाही.

मग पाय बघायचा, आणि तो घाई न करता बघायचा. वरची बाजू सगळेच बघतात. आम्ही बोटांची बेचकी एकेक करून उघडतो, कारण चिखल्या तिथे असतात, विशेषतः करंगळीच्या बेचक्यात, आणि तिथल्या पांढऱ्या, मऊ, चिरलेल्या कातडीतून जंतूंना आत शिरायला वाट मिळते. तळव्यावरच्या घट्ट्यांचा रंग बघायचा : पिवळसर घट्टा वेगळा आणि ज्याच्या आत तांबूस-काळपट ठिपका दिसतो तो वेगळा, कारण तो आतला रक्तस्राव असतो आणि त्याखाली जखम असू शकते. टाचेची भेग कोरडी आहे की ओली, नखाखाली काळी रेघ नव्याने उमटून रुंदावते आहे का, तळव्यावर आकार किंवा रंग बदलणारा तीळ आहे का, हेही बघायचे. अशी रेघ किंवा असा तीळ आढळला, तर तो त्वचारोगतज्ज्ञांनी पाहिलाच पाहिजे.

यानंतर हाताच्या पालथ्या बाजूने दोन्ही पायांची ऊब ताडून बघायची. एकाच जागी दोन पायांत सुमारे २ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक असेल, तर आत दाह सुरू असल्याची ती खूण मानतात. हाताला नेमके अंश कळत नाहीत, पण एक पाय स्पष्टपणे गरम आहे एवढे नक्की कळते. बधिर पाय एकाएकी गरम, लाल आणि सुजलेला झाला आणि तरीही फारसा दुखत नसेल, तर ते हाडे-सांधे आतून ढासळू लागल्याचे लक्षण असू शकते. अशा माणसाला ‘थोडं चालून बघा, सूज उतरेल’ असे चुकूनही सांगू नये. त्याने त्या पायावर भार देणे ताबडतोब थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठले पाहिजेत.

संवेदनेची तपासणी लोकांना फार आवडते, कारण तिच्यात त्यांचा स्वतःचा सहभाग असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माक्स फॉन फ्राय या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने स्पर्श मोजण्यासाठी केसांचा उपयोग केला होता. पुढे जोसेफिन सेम्स आणि सिडनी वाइनस्टाइन यांनी त्याजागी नायलॉनचे धागे आणले, आणि आज वापरतात तो धागा १० ग्रॅम दाबाला वाकतो. आधी तो त्यांच्या हाताला लावून दाखवायचा, मग डोळे मिटायला सांगायचे, आणि अंगठ्याच्या खालच्या बाजूला व चवड्यावरच्या ठरलेल्या जागी, घट्टा टाळून, तो वाकेपर्यंत क्षणभर टेकवायचा. मध्येच एखाद्या वेळी धागा न लावताच ‘आता लागतंय का?’ असे विचारायचे, म्हणजे केवळ आम्हाला बरे वाटावे म्हणून दिलेली उत्तरे ओळखू येतात, आणि अशी उत्तरे देणारी भिडस्त मंडळी पुष्कळ असतात. दहा-पंधरा जण तपासून झाले की धागा थकतो, कमी दाबाला वाकू लागतो, म्हणून त्याला २४ तास विश्रांती द्यावी लागते. आमच्याकडे असे चार धागे आहेत आणि कोणता धागा कोणत्या दिवशी किती जणांसाठी वापरला, याची आम्ही वहीत नोंद ठेवतो.

धागा नसला तरी तपासणी अडत नाही. इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी केवळ बोटाच्या स्पर्शाने करायची एक चाचणी तयार केली असून ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करायचा. टोचायचे नाही, थापटायचे नाही, कुरवाळायचे नाही. या सहा जागांपैकी दोन किंवा अधिक जागी स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाली आहे असे समजून पुढची तपासणी करून घ्यायची. ही चाचणी मी घरच्या माणसांना हमखास शिकवते, कारण त्यांनी ती तिथल्या तिथे आपल्या हाताने केली म्हणजे वडिलांच्या पायाला हात लावण्याचा संकोच निम्मा तरी सरतो.

रक्तपुरवठ्यासाठी पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे ठोका चाचपायचा. वरचा ठोका काही निरोगी माणसांतही लागत नाही, म्हणून एकट्या त्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. ‘किती चालल्यावर पोटरी भरून येते आणि थांबल्यावर सुटते का? रात्री पाय पलंगाखाली सोडला की बरं वाटतं का?’ हे दोन प्रश्न मी आवर्जून विचारते. उत्तर ‘हो’ आले, तर घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढण्यासाठी पुढे पाठवायचे. ते ०.९ किंवा त्याहून कमी आले, तर पायांच्या धमन्या अरुंद झाल्याचे समजतात, आणि अशा माणसाच्या हृदयाचीही काळजी घेणे गरजेचे असते.

एकदा एक निवृत्त गृहस्थ आले होते. वागणे नेटके, बूट चकचकीत पॉलिश केलेले. धाग्याचा स्पर्श त्यांना चवड्यावर कुठेच कळला नाही. उजव्या तळव्याच्या मध्यावर एक गोल, लाल वण होता आणि त्याचा मध्य किंचित फाटलेला होता. कशाने झाले ते त्यांना सांगता येईना. आमच्या नियमाप्रमाणे मी त्यांच्या बुटात हात घातला, तेव्हा पुढच्या भागात, आतल्या पातळ गादीखाली सरकलेले, शर्टाचे एक बटण हाताला लागले. ते बटण हातात घेऊन ते बराच वेळ बघत राहिले. नंतर म्हणाले, ‘हा शर्ट मी दहा दिवसांपूर्वी शिवायला टाकला.’ दहा दिवस ते रोज सकाळी तासभर त्या बटणावर चालत होते. बूट घालण्याआधी उलटा करून झटकायचा आणि आत हात फिरवायचा, हे मी त्यांना सांगितले नाही; त्यांनीच मला करून दाखवले.

पादत्राणांचा विषय निघाला की मंडळी लगेच मोकळी होतात, म्हणून त्यासाठी वेळ राखून ठेवावा. कागदावर माणसाला उभे करून पावलाची बाह्यरेषा पेन्सिलीने काढायची आणि त्या रेषेवर त्याचाच बूट ठेवायचा, एवढे केले की बोलावे लागत नाही : रेषा बुटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली असते. निरनिराळ्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात ६३ ते ७२ टक्के लोकांची पादत्राणे त्यांच्या पायाच्या लांबी-रुंदीला न बसणारी आढळली होती. पाय दिवसभरात सुजतो, म्हणून माप संध्याकाळी आणि उभे राहून घ्यावे, दोन्ही पायांचे घ्यावे, आणि मोठ्या पायाच्या मापाने खरेदी करावी. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाचेभोवतीचा भाग चिमटीत दाबला तर घट्ट लागायला हवा, बूट बोटांपाशी वाकायला हवा, मधोमध नव्हे, आणि वर पट्टा किंवा नाडी हवी, म्हणजे पाय आत सरकत नाही. घरात वापरायच्या सैल, मागून उघड्या सपाता हे माझ्या मते घरातले एक मोठे जोखमीचे सामान आहे, कारण त्या निसटू नयेत म्हणून माणूस बोटे आखडून, पाय घासत चालतो.

पाय घासत चालण्याचा शेवट पडण्यात होतो, आणि पडण्याचा शेवट अंथरूण धरण्यात होऊ शकतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. पायांवरच्या उपचारांनी पडणे कमी होते का, हे ऑस्ट्रेलियात तपासले गेले आहे. पायदुखीने हालचाल मर्यादित झालेल्या ३०५ ज्येष्ठांवर झालेला हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला पायांची नेहमीची देखभाल मिळाली. दुसऱ्या गटाला त्याशिवाय बुटात घालायच्या गाद्या, योग्य पादत्राणांचा सल्ला आणि त्यासाठी मदत, पाय व घोट्याचे घरी करायचे व्यायाम आणि पडणे टाळण्याविषयी माहिती मिळाली. वर्षभरात दुसऱ्या गटात पडण्याचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी होते. म्हणून आम्ही खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणे, घोटा गोल फिरवणे आणि जमिनीवरचा पंचा पायाच्या बोटांनी ओढून घेणे, एवढे तीन व्यायाम करून घेतो आणि ते एकदा तरी आमच्यासमोर करायला लावतो. ज्यांच्या तळव्याला जखम आहे, त्यांना मात्र यातला उभे राहून करायचा व्यायाम सांगत नाही.

घरच्या देखभालीत जे चुकते, ते बहुधा अतिउत्साहाने चुकते. दाढीच्या पात्याने घट्टा तासणे, कुरूपावर आम्लाची पट्टी लावणे, रात्री गरम पाण्यात अर्धा तास पाय बुडवून बसणे, थंडी वाजते म्हणून शेकायची पिशवी पायाशी घेऊन झोपणे, हे सारे प्रेमाने आणि काळजीनेच केले जाते. ज्या पायाला संवेदना नाही किंवा रक्तपुरवठा कमी आहे, त्याला त्या पट्टीचे आम्ल चांगली कातडीही जाळते, आणि गरम पाण्याचा चटका दुसऱ्या दिवशी फोड आल्यावरच कळतो. पाय कोमट पाण्याने धुवावेत, पाण्याची ऊब कोपराने बघावी, बेचकी टिपून कोरडी करावीत, टाचेला आणि तळव्याला मलम लावावे पण बेचक्यात लावू नये. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरावा. तेही जमत नसेल तर घरातल्या कुणीतरी आठवड्यातून निदान दोनदा बघावे, आणि संवेदना गेलेली असेल तर रोज. नखे आंघोळीनंतर, मऊ झालेली असताना, सरळ रेषेत कापावीत, कोपरे आत खोलवर कोरू नयेत आणि टोके कानशीने घासावीत. जाड, वळलेले नख घरी कापायला जाऊच नये.

तपासणीनंतर पुढची वाट तयार नसेल, तर ती तपासणी करणे मला अन्यायाचे वाटते. माणसाला ‘तुमच्या पायात दोष आहे’ एवढे सांगून घरी पाठवले, तर आपण त्याची झोप तेवढी उडवतो. म्हणून शिबिराची तारीख ठरवण्याआधी आम्ही जखमा कोण बघेल, रक्तवाहिन्या कोण तपासेल आणि नखे-घट्टे कोण काढेल, हे तिघे ठरवून त्यांच्याशी बोलून घेतो. मधुमेही पायांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ० ते ३ असे धोक्याचे चार गट केलेले आहेत. संवेदना आणि रक्तपुरवठा दोन्ही ठीक असतील तर वर्षातून एकदा तपासणी पुरते. दोन्हींपैकी एक बिघडले असेल तर ६ ते १२ महिन्यांनी. दोन्ही बिघडली असतील, किंवा एकाच्या जोडीला पायाची ठेवण बिघडलेली असेल, तर ३ ते ६ महिन्यांनी. आणि यांपैकी एखादा बिघाड असताना पूर्वी जखम झाली असेल, बोट किंवा पाय काढावा लागला असेल, किंवा मूत्रपिंडे निकामी झाली असतील, तर १ ते ३ महिन्यांनी. भरून आलेली जखम वर्षभरात पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्के आहे, म्हणून ‘जखम बरी झाली, आता काय’ असे म्हणणाऱ्यांनाच मी सर्वांत जवळची तारीख देते. मधुमेहात पाय कापावा लागलेल्या दर १०० पैकी सुमारे ८५ जणांच्या बाबतीत आधी एक साधी जखम झालेली असते, आणि ती जखम कुणीतरी बघू शकले असते, हे माझ्या मनातून जात नाही. काळे पडलेले बोट, वास येणारी किंवा पू असलेली जखम, वर सरकणारी लाली, तापाबरोबरची पायाची सूज, एकाएकी गार व पांढरा पडलेला पाय, यांना मात्र तारीख द्यायची नसते. त्यांना तिथूनच रुग्णालयात न्यायचे असते.

त्या आजींना आम्ही त्याच दिवशी पुढे पाठवले. नख एका बैठकीत निघाले नाही; तज्ज्ञांनी ते यंत्राने घासून, पातळ करून, दोन भेटींत कापले आणि जखम महिन्याभरात भरली. दुसऱ्या भेटीला सून बरोबर आली होती. ती स्टुलावर बसून सगळे बघत होती आणि शेवटी म्हणाली, ‘आई, एवढं होतं तर मला सांगायचं नाही का?’ आजी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी पाय मागे ओढून घेतला नाही. मी सुनेच्या हातात कानस दिली आणि नखाच्या कडेवर ती कशी आडवी, एकाच दिशेने फिरवायची ते दाखवले. सहा महिन्यांनी आजी फेरतपासणीला आल्या, तेव्हा कार्ड भरणाऱ्या मुलीने शेवटचा प्रश्न विचारला. आजींनी मोजे आधीच काढून पर्समध्ये ठेवले होते. ‘सून कापते,’ त्या म्हणाल्या, ‘महिन्याच्या पहिल्या रविवारी. आणि तिच्या टाचा मी बघते, तिलाही भेगा आहेत.’